तुझी जीभ, माझी बाटली

आत्या, आधी माफी मागतो. तुझ्याबद्दल लिहिण्याचा हक्क माझा नाही. तो पप्पांचा आहे, तू त्यांची थोरली बहीण. नाहीतर मंगलताईचा, ती तुझी लेक. पण पप्पा सहीपलीकडे काही लिहीत नाहीत, आणि मंगलताईने कागद माझ्याच हातात दिला. कॉलेजात आहेस, चार ओळी तूच लिही, म्हणाली. पप्पांच्या हमालांच्या टोळीच्या खोलीत तुझ्या फोटोखाली लावायच्या आहेत. तिला कुठे माहीत, गेल्या उन्हाळ्यापासून तू आणि मी एकमेकांशी धड बोललो नव्हतो.

चार ओळी लिहिल्या मी. 'कष्टाळू, प्रेमळ, मनमिळाऊ.' मग मनमिळाऊ खोडलं. काटेवाल्यापासून चहावाल्यापर्यंत तू ज्याच्याशी भांडली नाहीस असा माणूस दाणा मार्केटमध्ये शोधून सापडला नसता. मग प्रेमळही खोडावंसं वाटलं, आणि मी पेन खाली ठेवलं. त्या ओळी दुसरा कोणीतरी लिहील. मी हे लिहितोय. तुला वाचता येत नव्हतं. म्हणजे तू असतीस तर हे मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तेवढी हिंमत माझ्यात नव्हती.

काल तुझा दहावा झाला. मला वाटायचं, माणूस गेलं की त्याच्यावरचा राग आपोआप जातो. तसं होत नाही. राग तसाच राहतो, फक्त तो कोणावर काढायचा ते समजत नाही. काल सगळे तुझ्याविषयी चांगलं बोलत होते आणि मी ताटं उचलत होतो, कारण बोलायला लागलो असतो तर तोंडातून वेडंवाकडं काही गेलं असतं.

तुला लोक धान्य पाखडणारी हौसाबाई म्हणून ओळखत होते, पण तुझं खरं नाव होतं ते दुसऱ्या कामासाठी. गाळ्यांच्या त्या गल्लीत दिवसभर पोती फुटतात, चाळण्या हलतात, आणि हवेत सगळीकडे बारीक तूस. कोणाच्या ना कोणाच्या डोळ्यात ते जायचंच. मग तो माणूस एक डोळा हाताने झाकून तुझ्याकडे यायचा. तू आधी त्याला शिवी द्यायचीस. मग तोंडातली मिश्री थुंकायचीस, तांब्यातल्या पाण्याने दोनदा चूळ भरायचीस, त्याला पोत्यावर बसवायचीस, काडीवर पापणी उलटी करायचीस आणि जिभेच्या टोकाने एकदाच डोळा पुसायचीस. एकदाच. तूस तुझ्या जिभेवर आलेलं असायचं. ते नखावर घेऊन तू त्याला दाखवायचीस, म्हणजे त्याची खात्री पटायची. पैसे कधी घेतले नाहीस. चहासुद्धा घेतला नाहीस. एकदा समोरच्या गाळ्याचा शेठ आला होता, घड्याळ, सफारी, सगळा थाट. त्यालाही तू आधी शिवी दिली होतीस.

माझाही डोळा तू असाच साफ केला होतास. मी आठ वर्षांचा असेन. तुझ्या जिभेचा खरखरीतपणा मला अजून आठवतो, मिश्रीचा वासही. त्या वेळी मला वाटलं होतं की जगात तुझ्यापेक्षा हुशार कोणी नाही. हे मी आज लिहून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात असं काही पुन्हा येईल असं वाटत नाही.

मी बारावी झालो, बी.एस्सी.ला गेलो, घरात कॉलेजचं तोंड पाहणारा पहिला, आणि आपलं फिसकटलं. तू मला 'सायेब' म्हणायला लागलीस. घरी आलीस की आईला विचारायचीस, "सायबांचं जेवण झालं का? मग आपुन गरिबांनी जेवायला हरकत न्हाय." मी मायक्रोबायोलॉजी घेतली तेव्हा तू विचारलंस त्यात काय शिकवतात. मी म्हणालो, डोळ्यांना न दिसणारे जंतू. तू म्हणालीस, "दिसत न्हाईत तर हायेत कशावरनं?" सगळे हसले. मीही हसलो, पण मला ते लागलं. आणि मग मीही तुला सोडलं नाही. तुझ्या तांब्याकडे बघून मी एकदा चारचौघांत म्हणालो होतो की जिभेवर कोट्यवधी जंतू असतात, तू सगळ्या मार्केटला ते वाटतेस. तू दोन दिवस आमच्याकडे आली नव्हतीस. म्हणजे भांडण पप्पांच्या डोळ्यापासून सुरू झालं असं सगळे म्हणतात, ते खरं नाही. ते आधीपासून होतं. पप्पांचा डोळा त्यात मध्ये आला.

तो दिवस तुला माहीत आहे, पण मी माझ्या बाजूने सांगतो. बाजरीची गाडी खाली होत होती, पोतं फाटलं, आणि तूस पप्पांच्या उजव्या डोळ्यात गेलं. टोळी म्हणजे बाराजणांचं काम आणि बाराजणांत वाटणी. मध्येच बसलं तर बाकीच्यांवर भार. म्हणून गाडी संपेपर्यंत ते डोळा चोळत पोती वाहत राहिले. दुपारी तुझ्याकडे आले. तू काढलंस. नखावर दाखवलंस. निघालं म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी डोळा लाल. तिसऱ्या दिवशी पाणी थांबेना. तू एरंडेल घालायला सांगितलंस. मी म्हणालो, अजिबात नाही. डॉक्टरकडे जायला हवं होतं, हे आज मला कळतं, तेव्हाही कळत होतं. पण वाशीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरची नुसती तपासायची फी, वर खाडा, वर रिक्षा. पप्पा म्हणाले, दोन दिवस बघू. मग मी पुढे झालो. माझ्या वर्गातल्या एका मित्राचे डोळे आले होते आणि एका ड्रॉपने दोन दिवसांत साफ बरे झाले होते. मी त्याच्याकडून नाव घेतलं, कोपरखैरण्यातल्या मेडिकलमध्ये गेलो. चिठ्ठी विचारली नाही कोणी. एका वडापावाच्या प्लेटपेक्षा थोडी जास्त किंमत. मला इतका आनंद झाला होता, आत्या, की मी वहीच्या पानावर वेळा लिहून ते कपाटाला चिकटवलं. सकाळी आठ, दुपारी बारा, चार, आठ.

तू दारात उभी होतीस. "ह्ये कुणाच्या डोळ्यासाठी दिलंय?" विचारलंस. मी म्हणालो, डोळ्यासाठीच दिलंय. तू म्हणालीस, "कुणाच्या?" मी बाटलीचं झाकण उघडलं. पप्पांनी तुझ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मान मागे टाकली. तुझं एरंडेल हरलं, माझी बाटली जिंकली.

आणि डोळा खरंच निवळला. तीन दिवस लाली कमी, दुखणं कमी. पप्पा कामावर गेले. मी तुला मुद्दाम ते दाखवलं. पाचव्या दिवशी आईला बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तांदळाच्या कणीएवढा.

त्यापुढचं मी घाईत सांगतो. वाशीच्या डॉक्टरने बॅटरी मारली, दोन मिनिटांत बुबुळाला जखम झाली आहे, मोठ्या हॉस्पिटलला न्या म्हणाला, आणि फी घेतली. मोठं हॉस्पिटल म्हणजे ट्रस्टचं, तिथे स्वस्त म्हणून रांग. तिथल्या तरुण डॉक्टरने पप्पांच्या डोळ्यातून बारीक खरवडून घेतलं, काचेवर लावलं, म्हणाला, हे लॅबमध्ये वाढवून बघू, जंतू आहेत की बुरशी ते कळेल. निम्मे पैसे आता भरा, बाकीचे रिपोर्ट नेताना. तोपर्यंत दोन्हींची औषधं चालू करतो, रिपोर्ट आला की एक बंद करू.

दोन्हींची औषधं, म्हणजे दुप्पट. एक ड्रॉप पाण्यासारखा, एक दुधासारखा पांढरा, हलवून घालायचा. दर तासाला. पांढऱ्या ड्रॉपची बोटाएवढी बाटली पप्पांच्या दिवसभराच्या मजुरीला यायची, आणि ती चार-पाच दिवसांत संपायची. मजुरी तर बंदच. शेजारी कोणीतरी हवं म्हणून आईने नेरूळच्या दोन घरांतला स्वयंपाक सोडला. धूळ-ऊन लागू नये म्हणून बस नाही, रिक्षा. गाळ्याच्या शेठने एक किलो तूरडाळ पाठवली आणि वर निरोप की कामाची काळजी करू नको, माणूस मिळालाय.

पण मला सांगायचंय ते त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलच्या पॅसेजबद्दल.

डॉक्टरने विचारलं, इथे यायच्या आधी काय काय केलं. पप्पा साधे, त्यांनी सांगून टाकलं की बहिणीने जिभेने तूस काढलं. तो डॉक्टर खुर्चीवरून उठलाच. जीभ? डोळ्यात जीभ? त्याने शेजारच्या टेबलावरच्या दोघांना बोलावून ते पुन्हा सांगायला लावलं. ते तिघे पप्पांकडे असे बघत होते की मला जमिनीत जावंसं वाटलं. मग त्याने विचारलं, ड्रॉप वगैरे काही घातला का. आणि मी, जो नेहमी सगळ्यांच्या आधी बोलतो, मी म्हणालो, "साधा अँटिबायोटिक." त्याने लिहून घेतलं. तो अजून जिभेवरच अडकला होता.

बाटलीवर दोन नावं होती. एक अँटिबायोटिकचं. दुसरं मी वाचलं होतं, पण त्याचा अर्थ मला त्या दिवशी माहीत नव्हता, असं मी इतके महिने स्वतःला सांगत आलो.

तू बाहेर बाकावर होतीस. मी बाहेर आलो आणि सगळ्या पॅसेजला ऐकू जाईल असं म्हणालो, "तुझ्या जिभेनं पप्पांचा डोळा घालवला." पट्ट्या बांधलेली माणसं आमच्याकडे वळली. तू उठलीस. मला वाटलं आता शिव्या देशील, आणि खरं सांगतो, मला त्या हव्या होत्या. तू शिवी दिली नाहीस. तू जीभ बाहेर काढलीस, बोटाने दाखवलीस आणि म्हणालीस, "घे. काप."

मी काय करणार होतो? मी मागे सरलो. वॉर्डबॉय ओरडला, बाई, इथे तमाशा नको. आईने तुला धरून खाली नेलं.

त्यानंतर तू कोणाच्याही डोळ्याला हात लावला नाहीस. माणसं यायची आणि तू म्हणायचीस, जा दवाखान्यात, माझी जीभ विषारी हाय. ती दवाखान्यात जायची नाहीत. कोण जाणार, अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून? डोळा चोळत कामाला लागायची. हे मला टोळीतल्या गणपतकाकांनी सांगितलं, आणि ते सांगताना माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी मार्केटची पाणपोई बंद पाडली.

पण घरी यायची तू थांबली नाहीस. याचाही मला राग आहे. अपराधी माणसाने अपराध्यासारखं राहावं की नाही? तू यायचीस आणि आईच्या हातून बाटली काढून घ्यायचीस. आईचा नेम चुकायचा, पहिला थेंब गालावर पडायचा, आणि घरातले सगळे त्या गालावरच्या थेंबाकडे बघत राहायचे. गालावरून ओघळला तोही मजुरीतलाच, आणि दुसरा घालावाच लागायचा. तुझा थेंब कधी वाया गेला नाही. डाव्या हाताने पापणी, उजव्या हाताने बाटली, एक थेंब, झालं. मी त्या वेळी घरातून बाहेर निघून जायचो.

एकदा बाटली संपली आणि माझ्याबरोबर मेडिकलमध्ये तू आलीस. किंमत ऐकून तू दुकानदाराला म्हणालीस, "सुटं द्या की." त्याला कळलं नाही. तू समजावून सांगितलंस: तेल सुटं मिळतं, साखर सुटी मिळते, मग आज लागेल तेवढं चोवीस थेंब औषध दे, उद्याचं उद्या नेऊ. दुकानातली सगळी हसली. दुकानदार म्हणाला, "मावशी, हे औषध आहे, रॉकेल नाही." तू म्हणालीस, "रॉकेलवाला बरा व्हता, मापात देत व्हता." मी लाजेने काउंटरवरच्या टूथब्रशांकडे बघत राहिलो. आता वाटतं, त्या दुकानात त्या दिवशी शहाणा प्रश्न एकच विचारला गेला आणि तो तू विचारलास. पण मी हे तुला कधी म्हटलं नाही.

पुढची बाटली तू तुझ्या पैशांनी आणलीस. मी ती परत तुझ्या पिशवीत टाकली. अपराध केलास म्हणून भरतेस का, असं विचारलं. तू पिशवीतून ती पुन्हा काढलीस, टेबलावर ठेवलीस. "त्यो माजा भाऊ हाय," म्हणालीस. "तुजा बाप नंतरचा."  आईने बाटली उघडली.

डोळा वाचला नाही. गोळा राहिला, नजर गेली. बुबुळावर आता पांढरी काच बसल्यासारखं दिसतं. पुढेमागे बुबुळ बदलता येईल म्हणतात, यादीत नाव आहे. फळीवरून गाडीत पोतं नेताना एका डोळ्याला पायरी किती खोल ते समजत नाही, म्हणून टोळीने पप्पांना पोत्यांची तोंडं शिवायला बसवलंय. वाटणी त्यांनी कमी केलेली नाही, अजून तरी. पप्पांनी या सगळ्यात तुला किंवा मला एक शब्द दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. निदान कोणाला दिला ते कळलं असतं.

कारण पप्पांच्या डोळ्यात तीन गोष्टी गेल्या, आत्या. तूस, तुझी जीभ आणि माझी बाटली. तूस सोड, ते कोणाचं नाही. राहिलो आपण दोघं.

ते दुसरं नाव मी शेवटी कॉलेजच्या लायब्ररीत बघितलं. पॅसेजमधल्या त्या दिवसानंतर तीन आठवड्यांनी. स्टिरॉइड होतं ते. पुस्तकात लिहिलं होतं की सूज आणि लाली ते झटपट उतरवतं, पण जखमेत बुरशी असेल तर तिला मोकळं रान मिळतं. जंतू असले तर गोष्ट वेगळी. म्हणजे सगळं त्या रिपोर्टवर होतं. तोंडातले जंतू निघाले तर तू. बुरशी निघाली तर मी.

आणि रिपोर्ट आम्ही आणलाच नव्हता. दर वेळी नवा डॉक्टर विचारायचा, रिपोर्ट कुठे आहे. आई म्हणायची, पुढच्या वेळी आणतो. बाकीचे पैसे म्हणजे दोन बाटल्या, आणि बाटल्या आधी. हे कारण खरं होतं. सगळ्यांना पटणारं होतं. माझ्याएवढा त्या कारणाचा उपयोग कोणीच करून घेतला नाही. गरिबीच्या मागे लपता येतं, आत्या, हे मी शिकलो, आणि हे कोणत्याच पुस्तकात नव्हतं.

आपलं शेवटचं बोलणं तुर्भ्याच्या बसस्टॉपवर झालं, दोन महिन्यांपूर्वी. मी शिकवणी घ्यायला चाललो होतो. तू मार्केटमधून येत होतीस, केसांत सगळं तूस. मी बघून न बघितल्यासारखं केलं. तू समोर येऊन उभी राहिलीस.

"सायेब, एक इचारू?"

मी म्हणालो, विचार.

"तू आणल्याली पयली बाटली. तिचं नाव डाक्टरला सांगितलंस का?"

"सांगितलं."

तू माझ्याकडे बघितलंस. पोतं फाटकं आहे की धड हे तू लांबून बघून सांगायचीस, तसंच. मग म्हणालीस, "बरं."

एवढंच. बस आली आणि मी चढलो. तुला काय माहीत होतं? मित्राच्या डोळ्याचं औषध पप्पांच्या डोळ्यात गेलं, एवढं तुला पहिल्या दिवसापासून दिसत होतं, 'कुणाच्या डोळ्यासाठी' हे तू विचारलंच होतंस. मग पॅसेजमध्ये का नाही बोललीस? मी तुझ्यावर ओरडत होतो, डॉक्टर तिथेच होता, दार उघडं होतं. एका वाक्यात माझी बोलती बंद झाली असती. सगळ्या मार्केटशी भांडलीस आणि जिथे भांडायला हवं होतं तिथे जीभ बाहेर काढून उभी राहिलीस. मला वाचवलंस असं तुला वाटलं असेल तर मला ते नको होतं. उपकार सांगून करावेत. असे गुपचूप केले की घेणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. हाच माझा राग आहे, हे लिहिताना आत्ता समजलं. तुझ्या जिभेवरचा नाही. ती गप्प राहिली यावरचा.

कदाचित तुला काहीच माहीत नव्हतं, आणि तू सहज विचारलंस. तसं असेल तर मी आणखी वाईट माणूस आहे.

इथपर्यंत लिहून मी चार दिवस थांबलो होतो.

तुझा तेरावा झाला. जेवणाला गल्लीतली बरीच माणसं आली होती. गणपतकाकांचा एक डोळा लाल होता आणि ते तो मनगटाने पुसत होते. मी विचारलं कधीपासून. तीन दिवस, म्हणाले, तूस गेलंय. मग हसून म्हणाले, आता काढणारी गेली. मी त्यांना म्हणालो, उद्या माझ्याबरोबर हॉस्पिटलला चला, रांगेत मी उभा राहतो, आणि वाटेत मेडिकलमधून काही घेऊ नका. ते म्हणाले, बघू. पप्पाही असंच म्हणाले होते, बघू. मी त्यांच्या जावयाला फोन करून सांगितलं, तेव्हा कुठे तयार झाले.

सकाळी निघताना मी शिकवणीचे पैसे खिशात घातले. आईने विचारलं कशाला. मी म्हणालो, पप्पांचा तो रिपोर्ट आणतो. ती भांडी घासत होती, थांबली. "आता कागदाला पैसे? डोळा गेला, वन्सं गेल्या, आता कोणाला दाखवायचाय?" तिचं बरोबर होतं. त्या पैशांत पप्पांचा काळा चष्मा आला असता. पप्पा कोपऱ्यात बसून ऐकत होते. म्हणाले, "जाऊ दे त्याला."

हॉस्पिटलमध्ये गणपतकाकांचा नंबर लावला. त्यांचं तूस पापणीच्या आत चिकटलेलं होतं, डॉक्टरने सुईने काढलं, चिठ्ठी दिली, दोन दिवसांनी या म्हणाला. मग मी पैसे भरायच्या खिडकीवर गेलो. क्लार्कने जुनी पावती बघितली आणि म्हणाला, इतके महिने कुठे होता. बाकी भरली. त्याने आतून पाकीट आणलं. मी ते उघडलं नाही. मला वाचता आलं असतं, इंग्रजीही आणि त्यातली नावंही, त्यासाठीच तर शिकतोय. पण मला ते कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं, समोर उभं राहून. तुला मी समोर उभं करूनच ऐकवलं होतं.

रिपोर्ट दाखवायला गेलो, तर त्या दिवशीचा डॉक्टर नव्हता. एक बाई होत्या, वयाने मोठ्या, चष्मा कपाळावर. त्यांनी कागद वाचला, जुना केसपेपर मागवला, तोही वाचला. त्यावर 'जीभ' या शब्दाखाली दोन रेघा मारलेल्या होत्या. मी विचारलं, मॅडम, हे जिभेमुळे झालं का?

त्या म्हणाल्या, नाही. ही बुरशी धान्यावर, भुशावर, मातीत असते. तोंडातली नाही. तुसाबरोबरच डोळ्यात गेली असणार, जीभ लागायच्या आधी. जीभ लावणं चूकच, पण हे तिचं काम नाही.

मी म्हणालो, ज्यांनी जीभ लावली त्या माझ्या आत्या. त्या गेल्या. बाई पेपर मिटायला लागल्या.

मग मी त्यांना बाटलीचं नाव सांगितलं. दोन्ही नावं. चिठ्ठीशिवाय आणली, पाच दिवस घातली, आणि इथे मी साधा अँटिबायोटिक म्हणालो, हेही सांगितलं.

त्यांनी चष्मा खाली ओढला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मी विचारलं, ती बाटली घातली नसती तर डोळा वाचला असता का?

त्यांनी कागद पाकिटात घातला. मग म्हणाल्या, "बहुतेक."